'टिक रेझिस्टन्स'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की ऑस्ट्रेलियातल्या गुरांवरच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर चाललंय, त्यात एका गायीची 'टिक रेझिस्टन्स ९८ टक्के' असं आहे (टिक म्हणजे गोचीड), तर "९८ टक्के रोगप्रतिकारशक्ती" लिहिलं तर चालेल का?

मला नाही पटत. गोचीड रोग पसरवते पण ती स्वतः काही रोग नाही, आणि इथे मोजलंय ते एवढंच की गायीने किती गोचिडी अंगावर वाढू दिल्या. तिकडची जुनी पद्धत अशी की गायीवर साधारण २०,००० लार्व्हा (गोचिडीची बारीक पिल्लं) सोडायचे, त्यातल्या निम्म्या माद्या धरायच्या, म्हणजे १०,०००, आणि तीनेक आठवड्यांनी रोज सकाळी रक्त पिऊन टम्म झालेल्या माद्या मोजायच्या, त्याही साडेचार ते आठ मिलिमीटरच्याच, कारण तेवढी झाली की ती दिवसभरात गळून पडणार. सगळी गाय कोण मोजणार, म्हणून एकाच बाजूच्या मोजायच्या आणि दुप्पट करायच्या. सगळ्या दिवसांच्या मिळून २०० निघाल्या तर उरलेल्या ९८ टक्के टिकल्या नाहीत, हे ते ९८. ९५ म्हणजे ५००, अडीच पट! टक्क्यांत हा फरक किरकोळ वाटतो, त्यामुळे भाषांतरात कंसात गोचिडींचा आकडा द्याच.

म्हणून मी 'गोचीड-प्रतिकारक्षमता' म्हणेन. बोलताना "या गायीवर गोचीड धरत नाही" हे कुणालाही कळतं. 'सोशिक' मात्र नको, सोशिक गाय म्हणजे अंगावर गोचिडी असूनही दूध देत राहणारी, ती गोष्टच वेगळी.

खरी गोची पुढे आहे. इंग्रजीत औषध मारूनही न मरणाऱ्या गोचिडीलाही रेझिस्टंटच म्हणतात, म्हणजे एकाच पानावर गाय पण रेझिस्टंट आणि गोचीड पण रेझिस्टंट. आपल्याकडे सोय आहे, "गोचिडी औषधाला दाद देत नाहीत" म्हणा, विषय संपला. गायीची 'क्षमता' आणि गोचिडीचं 'दाद न देणं', दोन शब्द वेगळे ठेवले की वाचणारा गोंधळत नाही.

अजून एक, लार्व्हाला 'अळी' करू नका. अळी म्हटलं की कोबीतली हिरवी डोळ्यासमोर येते, आणि हे तर सहा पायांचं चालणारं बारीक पिल्लू (मोठी झाली की पाय आठ). 'पिल्लं' म्हणा किंवा सरळ लार्व्हाच ठेवा.

जाता जाता, आजोळी गोठ्यात आम्ही पोरं गायीच्या कानातल्या आणि शेपटीच्या बुडातल्या गोचिडी काढून रॉकेलच्या वाटीत टाकायचो, त्या टम्म झालेल्या हुबेहूब एरंडीच्या बीसारख्या दिसायच्या. नंतर कळलं की लॅटिनमध्ये 'रिसिनस' म्हणजे गोचीडच आणि एरंडाचं शास्त्रीय नाव त्यावरूनच पडलंय, म्हणजे रोमन लोकांनाही तेच दिसलं होतं!