एकाच पाइपलाइनमध्ये वेगवेगळ्या मालकांचं तेल मिसळलं, तर कुणाचं किती हे कसं ठरवतात?

मुंबईजवळच्या समुद्रातल्या पन्ना-मुक्ता तेलक्षेत्रात ओएनजीसी 40, रिलायन्स 30 आणि बीजी ही ब्रिटिश कंपनी 30 टक्के असे हिस्से होते. प्रत्येक विहिरीत सगळ्यांचा तोच वाटा असला की एकूण उत्पादन मोजून भागतं. सरकारचा वाटा आणि खर्चवसुली हा वेगळा हिशेब. तुम्ही विचारताय तो पेच वेगळ्या मालकांची क्षेत्रं एकाच प्लॅटफॉर्मला जोडली की येतो.

विक्रीचं मीटर अचूक असतं. नॉर्वेच्या नियमांत तेलासाठी मर्यादा ±0.30 टक्के आहे. विहिरी मात्र टेस्ट सेपरेटरवर, म्हणजे एका विहिरीचं तेल, पाणी आणि वायू वेगळे करून मोजणाऱ्या टाकीवर, आळीपाळीने काही तास मोजतात. तिथे 5 टक्के चूकही नवलाची नाही.

समजा ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन मालक आहेत. ‘अ’च्या विहिरीच्या टेस्टमध्ये दिवसाला 1,250 बॅरल द्रव, त्यात 20 टक्के पाणी, 24 तास चालू, म्हणजे तेल 1,000. ‘ब’चा द्रव 1,600, पाणी 50 टक्के, 15 तास चालू, म्हणजे तेल 500. बेरीज 1,500, पण विक्री मीटर दाखवतं 1,440. गुणक 1,440 ÷ 1,500, म्हणजे 0.96. ‘अ’ला 960, ‘ब’ला 480.

आता ‘ब’चं पाणी खरं तर 55 टक्के होतं असं धरा. मग त्याचं तेल 450, आणि त्याच 1,440 मधून ‘अ’ला 993 मिळायला हवे होते. ‘ब’च्या पाण्याची चूक, भुर्दंड ‘अ’ला: रोज 33, महिन्याला जवळपास हजार बॅरल! अशी चूक होते कशी? आडव्या पाइपच्या वरच्या बाजूने नमुना घेतला की तळाशी वाहणारं पाणी त्यात येतच नाही. म्हणून नमुना उभ्या पाइपमधून, नीट मिसळलेल्या प्रवाहातून घ्या. चोक (विहिरीचा प्रवाह कमी-जास्त करणारी झडप) बदलला की टेस्ट पुन्हा करा, आणि प्रवाह स्थिर झाल्यावरच आकडे धरा.

आणखी एक गोष्ट हमखास राहते. सेपरेटरच्या दाबाखालच्या तेलात वायू विरघळलेला असतो. दाब उतरला की तो निघून जातो आणि तेलाचं आकारमान घटतं. ही घट आधी वजा केली नाही, तर जास्त दाबावर मोजलेल्या मालकाला फुकटचा फायदा.

काही करारांत ‘अ’ला मीटर लावतात आणि उरलेलं ‘ब’चं धरतात. ‘ब’ लहान असेल तर ही पद्धत मला मान्य नाही, कारण ‘अ’चं आणि विक्रीचं अशा दोन्ही मीटरची सगळी चूक त्याच्या माथी येते. त्यापेक्षा ज्याचं मोजमाप जास्त अनिश्चित, त्याच्यावर तफावतीचा मोठा भाग टाकणं न्याय्य.

गॅस नुसत्या घनमीटरवर वाटू नका. मिथेन, इथेन, प्रोपेन असे घटक वेगळे मोजा, कारण एलपीजीचा पैसा जड घटकांत असतो. प्लॅटफॉर्मच्या टर्बाइनला जाळलेला आणि फ्लेअरला (नको असलेला वायू जाळून टाकणाऱ्या ज्योतीला) गेलेला वायू कुणाच्या खात्यावर, हे करारात आधीच लिहून घ्या.