वाचकांचे प्रश्न : साठीनंतर एकटं, एका बॅगेत, अंदमानला

मागच्या अंकात साठीनंतर एकट्याने फिरण्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरेच प्रश्न आलेत आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना अंदमानलाच जायचंय. म्हणून या वेळी फक्त तेवढंच घेतलंय.

प्रश्न : मी ६७ वर्षांची, बँकेतून रिटायर झालेली, मिरजेत एकटीच राहते. जानेवारी-फेब्रुवारीत नील बेटावर दहा-बारा दिवस नुसतं निवांत राहायचंय, पॉइंट बघत पळायचं नाहीये. मुलगी म्हणते टूरबरोबर जा. उजवा खांदा दुखरा आहे त्यामुळे जड बॅग उचलवत नाही. एका छोट्या बॅगेत भागेल का, आणि काय काय न्यावं?

उत्तर : ताई, भागेल, आणि मी तर म्हणेन भागवाच. मुलगी काळजीपोटी बोलतेय, तिच्यावर चिडू नका, पण टूरमध्ये सहा दिवसांत तीन बेटं आणि रोज सकाळी सहाला बॅगा बाहेर काढा हा प्रकार असतो, तुम्हाला पाहिजे ते त्यात मिळणार नाही.

आधी नावांचं सांगते कारण तिकीट काढताना लोक गडबडतात. नीलचं नाव २०१८ पासून शहीद द्वीप आहे, शेजारच्या हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजय पुरम झालं. लोक बोलताना जुनी नावंच घेतात पण तिकिटावर नवी दिसू शकतात, घाबरू नका, बोट तीच आहे.

आता बॅग. लोक दिवस मोजून बॅग भरतात, दहा दिवस म्हणजे दहा ड्रेस. तसं नाही करायचं. वाटेत जिथे हमाल नाही, चाकं चालत नाहीत आणि बॅग स्वतःच उचलायचीये ती जागा आधी डोळ्यासमोर आणायची आणि तिथे झेपेल एवढंच घ्यायचं. नीलच्या बाबतीत ती जागा म्हणजे पोर्ट ब्लेअरहून जाणारी बोट. बोट धक्क्याला लागली तरी लाटेबरोबर खालीवर होत असते, मध्ये फळी टाकलेली, एका हाताने कठडा धरायचा, धक्क्यावरचा खलाशी दुसरा हात पकडून तुम्हाला वर ओढून घेतो. आता सांगा, तिसरा हात आहे का बॅगेसाठी? पाठीवर किंवा डाव्या खांद्यावर तिरकी अडकवलेली असेल तरच जमतं. वर आल्यावर धक्क्यावरून उन्हात चालायचं, मग रिक्षा. एखादा पोरगा बॅग घेतो पुढे होऊन, नाही असं नाही, पण त्याच्या भरवशावर जायचं नाही.

विमानात केबिनमध्ये साधारण ७ किलो नेता येतात. तुम्ही ५ वर थांबा. ट्रॉली बॅग रिकामीच अडीच-तीन किलोची असते, म्हणजे अर्धं वजन बॅगेचंच, त्यापेक्षा कापडी सॅक घ्या, एक किलोच्या आत येते. वजन करायला काटा नसेल तर बाथरूम स्केलवर एकदा बॅग घेऊन आणि एकदा बॅगेशिवाय उभं राहायचं, झालं.

कपडे अंगावर एक आणि बॅगेत तीन, बस. एकाच जागी राहणार आहात, रोज संध्याकाळी धुवायचं आणि पंख्याखाली टाकायचं. फक्त कपडा पातळ पाहिजे. समुद्राकाठच्या दमट हवेत जाड सुती कापड वाळता वाळत नाही, म्हणून टर्किश टॉवेल अजिबात नको, पंचा घ्या. अंग पुसायला, उन्हात डोक्यावर, बोटीत एसी लागला तर गळ्याभोवती, बीचवर खाली अंथरायला, आणि तासाभरात वाळतो. प्रवासाच्या दुकानांमध्ये हजार-हजार रुपयांचे स्पेशल टॉवेल मिळतात, आपल्या पंच्याने त्यांचं काय बिघडवलंय मला कळत नाही.

पायात मागून पट्टा असलेले सँडल, एकच जोड, तेच घालून पाण्यात जायचं. नुसती चप्पल ओल्या वाळूत रुतते, आणि ओहोटीला खडकावर मेलेलं कोरल असतं ते पाय कापतं. लक्ष्मणपूरचा तो नैसर्गिक दगडी पूल बघायचा असेल तर ओहोटीच धरावी लागते आणि तिथले दगड शेवाळाने भयंकर गुळगुळीत असतात. भरती-ओहोटीची वेळ हॉटेलवाला सांगतो. गुडघा साथ देत नसेल तर लांबून बघा, काही बिघडत नाही.

साबण, पेस्ट, तेल घरून बाटल्या भरून नेऊ नका, नील केंद्र म्हणून छोटा बाजार आहे तिथे मिळतं सगळं. भडंग मात्र न्या, सांगली-मिरजेकडच्या माणसाला मी भडंग नको सांगितलं तर मलाच पत्रं येतील! अडकित्ता, सुरी, कात्री केबिन बॅगेत चालत नाही, सिक्युरिटीला काढून घेतात. पॉवर बँकेचं बरोबर उलटं, ती केबिनमध्येच ठेवायची, चेक-इनला द्यायची नाही. दिवाळी अंक एक न्या, चार नको.

आणि एक गोष्ट जी टूरवाले सांगत नाहीत. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे पण घड्याळ तेच. जानेवारीत मिरजेत सूर्य सातला उगवतो, तिथे पावणेसहाला, आणि सव्वापाचला बुडतो, सहाला अंधार. त्यामुळे दिवस असा लावायचा की पहाटे सीतापूरच्या किनाऱ्यावर सूर्योदय, नऊला नाश्ता करून खोलीत, दुपारी झोप, साडेतीनला पुन्हा बाहेर, सातला जेवण. संध्याकाळचे वेगळे कपडे लागतच नाहीत, अंधारात कोण बघतंय. खोली तळमजल्यावरची आणि बाजाराजवळची मागा म्हणजे अंधारात लांब चालायला नको, थोडं जास्त भाडं पडलं तरी.

प्रश्न : मी आयुष्यभर साडीच नेसत आले, वय ७०, नाशिक. सगळे म्हणतात पंजाबी ड्रेस शिवून घे. साडी नेसून अंदमानला गेलं तर काय होतं?

उत्तर : काकू, काही होत नाही. नील, हॅवलॉकवर बंगाली कुटुंबं खूप आहेत, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांना सरकारने तिथे वसवलं होतं, त्यांच्यातल्या तुमच्या वयाच्या बायका साडीतच शेत आणि दुकान बघतात. तुम्हीच काय ते वेगळ्या दिसाल असं नाही. फक्त कांजी केलेली कॉटन नको, जॉर्जेट नाहीतर साधी सिंथेटिक, हलकी आणि लगेच वाळणारी, अशा तीन. परकर सुती आणि दोनच. साडी थोडी वर नेसा, बोटीच्या फळीवर पायात येता कामा नये. भरतपूरला काचेच्या तळाची बोट असते, कोरल दिसतात त्यातून, तिच्यात चढायला कधी कधी गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, त्या एका दिवसासाठी सुनेचा एखादा लेगिंग-कुर्ता मागून घ्या. नवीन शिवायची गरज नाही.

प्रश्न : ७२ वर्षांचा आहे, डोंबिवली. इन्शुलिन घेतो, शिवाय बोट लागते. औषधांचीच एक पिशवी होते, मग लाइट ट्रॅव्हल कसं करणार?

उत्तर : काका, औषधांत काटकसर करायची नाही, बाकी सगळ्यात करा. पण औषधांची पिशवी मोठी का होते ते बघा जरा, खोके असतात, सिरपच्या बाटल्या असतात, ‘असू दे’ म्हणून घेतलेल्या सहा जुन्या स्ट्रिपा असतात. खोके फेका, स्ट्रिप कापू नका म्हणजे नाव आणि एक्सपायरी राहते, लागणाऱ्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवसांचं जास्त घ्या कारण हवा बिघडली की बोटी रद्द होतात. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं जेनेरिक नाव लिहून घ्या, बेटावर तुमचाच ब्रँड मिळेल असं नाही.

इन्शुलिन हातातल्या बॅगेतच, चेक-इन बॅगेत कधीच नाही, तिथे ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्शुलिन गेलं कामातून. चालू पेन बहुतेक इन्शुलिनमध्ये साधारण चार आठवडे रूम टेंपरेचरला चालतं पण ३० अंशांच्या आत ठेवायचं, तुमच्या पेनबरोबरच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा. न उघडलेली पेनं हॉटेलच्या फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही, आणि हे हॉटेलच्या पोराला स्वतः उभं राहून दाखवा, नुसतं सांगून तो बर्फाशेजारी ठेवतो. बोटीवर खिशात साखर नाहीतर ग्लुकोज पाहिजेच. एकटे आहात ना, मग पाकिटात एक चिठ्ठी ठेवा की मला डायबेटिस आहे, हे औषध घेतो, हा नंबर लावा.

बोट लागण्याबद्दल. पोर्ट ब्लेअरहून नीलला खासगी बोटीने तास-दीड तास लागतो, ती बंद, एसीवाली असते, डेकवर जाऊन वारा खायची सोय बहुतेक नसते. खालच्या मजल्यावर, मध्यात किंवा थोडं मागे सीट घ्या, सगळ्यात पुढे उसळी जास्त बसते. गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. पण या गोळ्यांनी झोप येते, आणि प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर त्यातल्या काही चालत नाहीत, म्हणून मेडिकलवाल्याला नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी बसू नका आणि मिसळ खाऊनही बसू नका. आलेपाक बाकीच्यांना सांगते मी, तुम्हाला साखर आहे म्हणून नुसता आल्याचा तुकडा तोंडात ठेवा.

प्रश्न : मी मेलबर्नला असतो. आई (६९) एकटी नीलला चाललीये. तिला सॅटेलाइट फोन घेऊन देऊ का? तिथे नेटवर्कचा भरवसा नाही म्हणतात.

उत्तर : अजिबात देऊ नका. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं बेकायदेशीर आहे, आईची सुट्टी पोलीस चौकीत जायची! चेन्नईहून समुद्राखालून केबल २०२० मध्ये आली, तेव्हापासून पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉकला नेट बरंच सुधारलं, नीलला अजून मधूनमधून जातं. साधा उपाय, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम एकाच फोनमध्ये. आणि ठरवून टाका की रोज अमुक वाजता एक मेसेज, फक्त ‘ठीक आहे’ एवढाच. एक दिवस नाही आला तर नेटवर्क समजायचं, दुसऱ्या दिवशीही नाही आला तर हॉटेलला फोन, त्यासाठी हॉटेलचा नंबर तुमच्याकडे आधीच पाहिजे. आधी ठरलेलं असलं की तुम्ही तिकडे जागे राहत नाही आणि आईला दर तासाला सेल्फी पाठवावी लागत नाही. यूपीआयचंही तेच, नेट गेलं की बंद, म्हणून तिला सुट्ट्या नोटा घेऊन जायला सांगा. आणि पाण्यात उतरायचं ते जिथे परवानगी आहे तिथेच, खारफुटीच्या आणि खाडीच्या बाजूला नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, इशाऱ्याच्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत.

प्रश्न : गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण अंदमानला जाऊन सावरकरांची कोठडी बघितली नाही असं व्हायला नको. किती चढावं लागतं?

उत्तर : कोठडी पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलमध्ये सगळ्यात वर, तळमजला धरून तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि जुने जिने चढूनच जावं लागतं. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेलं जेल, सात विंग होत्या, त्यातल्या तीनच उरल्यात. सावरकरांना १९११ मध्ये तिथे नेलं, त्यांचे थोरले भाऊ बाबाराव आधीपासून त्याच जेलमध्ये होते. सकाळी उघडल्या उघडल्या जा, ग्रुप यायच्या आधी, म्हणजे जिन्यावर मागून कोणी ढकलत नाही आणि प्रत्येक मजल्यावर पाच मिनिटं टेकता येतं. हातात पाण्याची छोटी बाटली आणि काठी, बाकी सगळं हॉटेलवर ठेवून. वर कोठडीत गेल्यावर लोक आपोआप गप्प होतात, तुमच्या मागे रांग असली तरी घाई करू नका. चढणं नाहीच झेपलं तर संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो खाली आवारातच असतो.

आणि हे जेल परतीच्या आदल्या दिवशी ठेवा, सगळ्यांनीच ठेवा. नीलहून सकाळी बोट आणि दुपारी विमान असं बुकिंग करून देणारे एजंट आहेत, करू नका, त्या दिवशी समुद्र खवळला तर विमान तुमच्यासाठी थांबणार नाही. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच.

प्रश्न : नातवंडांना शंख-शिंपले आणायचेत, बॅगेत जागा ठेवू का?

उत्तर : किनाऱ्यावरचं काही उचलू नका. कोरल आणि बऱ्याच जातींचे शंख वन्यजीव कायद्याखाली येतात, एअरपोर्टवर बॅगेत सापडले तर ठेवून घेतात आणि वर केस होऊ शकते, ‘मला माहीत नव्हतं’ चालत नाही. पाहिजेच असेल तर पोर्ट ब्लेअरला सागरिका म्हणून सरकारी एम्पोरियम आहे तिथून घ्या, पण पावती बॅगेत तळाशी नाही, पर्समध्ये वर ठेवा.