वाइनची बाटली ठेवायची कुठे?

प्रश्न: रेड वाइनच्या काही बाटल्या भेट मिळाल्या आहेत. स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर जागा आहे. तिथे ठेवू का?

उत्तर: तेवढी जागा सोडून बोला! फ्रिजच्या मागून गरम हवा वर येत राहते, कॉम्प्रेसरची थरथर असते, त्यात स्वयंपाकाची धग. वाइनला साधारण १२-१३ अंश सेल्सिअस मानवतं. घरातल्या कपाटात एवढा गारवा मिळणं कठीण, हे मान्य. पण थोडी जास्त उष्णता वाइन सोसते, रोजचा चढउतार सोसत नाही. दुपारी तापून वाइन फुगते, बुचावर दाब येतो. रात्री निवली की आकसते आणि बुचाच्या कडेने हवा ओढून घेते. असं महिनोनमहिने चाललं की चव बिघडते.

म्हणून उन्हाच्या भिंतीला न लागलेलं कपाट बघा आणि त्यातला सगळ्यात खालचा कप्पा घ्या. आठवडाभर तिथे थर्मामीटर ठेवून सकाळ-दुपार नोंद करा. काटा २५च्या वरच रेंगाळत असेल, तर साठवण्याचा नाद सोडून बाटल्या लवकर उघडा.

प्रश्न: बाटली आडवीच ठेवायला हवी का?

उत्तर: कॉर्कचं बूच असेल आणि बरेच महिने ठेवायची असेल, तर आडवी, बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाची कशीही ठेवा. स्पार्कलिंग म्हणजे फेसाळणारी वाइन उभी चालते.

प्रश्न: मग सरळ फ्रिजमध्येच ठेवली तर?

उत्तर: काही आठवडे खुशाल ठेवा. वर्षानुवर्षं नको, तिथली कोरडी हवा बूच सुकवते. फ्रीझरमध्ये मात्र विसरू नका, गोठताना वाइन फुगून बूच बाहेर ढकलते.

प्रश्न: उरलेली अर्धी बाटली किती दिवस टिकते?

उत्तर: घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन ते पाच दिवस. रेडसुद्धा फ्रिजमध्येच, प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. त्याहून चांगला उपाय म्हणजे उरलेली वाइन छोट्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरणं. हवेला जागाच उरत नाही. स्पार्कलिंगच्या तोंडात चमचा अडकवून फेस टिकत नाही, त्यासाठी पकडीचं खास झाकण घ्या.

प्रश्न: शोकेसमध्ये दिव्याखाली ठेवलेली जुनी व्हाइट वाइन आहे. आता तिची चव वाढली असेल ना?

उत्तर: बहुधा उलटच. बाजारातल्या बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत प्यायच्या असतात. मुरायला आम्लता, टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा) किंवा साखर भरपूर लागते. त्यात प्रकाश पडला, बाटलीची काच बिनरंगी, आरपार असली, की उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. गळ्यावरचं वेष्टन सोलून बघा. खाली चिकट ओघळ दिसला किंवा बूच वर सरकलेलं असलं, तर ती तापलीही आहे. प्यायल्याने अपाय होणार नाही, पण पाहुण्यांसमोर उघडण्याआधी एकट्याने चाखा.