घरी वाळवलेल्या तंबाखूच्या जुड्या हाताने कशा बांधायच्या? दाबून गासडी केली तर बुरशी येईल का?

तुमची पानं टांगून वाळली आहेत, आता ती बांधून, दाबून ठेवायची आहेत आणि बुरशीची धास्ती आहे, एवढं प्रश्नावरून कळलं. मी हौसेखातर थोडीच झाडं लावतो, पण बांधाबांध दरवर्षी हातानेच करतो, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी एक गोष्ट. जुडी आणि गासडी ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही केलीच पाहिजेत असं नाही. अमेरिकेत केंटकीकडचे बर्ली (सावलीत, वाऱ्यावर वाळवतात ती जात) तंबाखूचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या जुड्या बांधूनच माल लिलावाला नेत. १९८० च्या दशकात सुट्या पानांच्या गासड्या रूढ झाल्या आणि जुड्या बांधणं मागे पडलं, कारण त्यात माणसांचा वेळ फार जायचा. क्युबात सिगारच्या पानांना दोन्ही सोपस्कार होतात: आधी जुडी, तशा चार जुड्यांचा एक जुडगा, आणि असे ८० जुडगे रॉयल पाम झाडाच्या पानाच्या रुंद बुडख्यात गुंडाळून एक मोठी गासडी. तुमची झाडं मोजकी असतील तर माझ्या मते जुड्या पुरेत. त्या पालथ्यासुलथ्या करता येतात, काही बिघडलं तर लगेच दिसतं. गासडीच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून कळत नाही.

आता बुरशीचं. ती दाबल्यामुळे येत नाही, ओल राहिल्यामुळे येते. बहुतेकांची गल्लत पानाच्या मधल्या शिरेशी होते. पान तपकिरी झालं, कुरकुरीत वाजलं की वाळलं असं वाटतं, पण देठाजवळ शीर जाड असते आणि तिच्यात पाणी कितीतरी दिवस टिकून राहतं. बर्लीसारखी पानं सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळायला ६ ते ८ आठवडे लागतात ते या शिरेपायी. देठाकडून शीर वाकवून पाहा. काडीसारखी कट्‌कन मोडली तर काम झालं. नुसती वाकली, मोडताना तंतू लोंबले किंवा आत हिरवट दिसलं, तर परत टांगा. अशी दोन-चार पानं गठ्ठ्यात गेली तरी आजूबाजूच्या पानांनाही बुरशी धरते.

पण एवढं वाळलेलं पान हात लावताच चुरा होतं, म्हणून बांधण्यापूर्वी ते सादळू द्यावं लागतं. पावसाळी किंवा धुक्याची रात्र मिळाली तर दारं-खिडक्या उघडून पानं आहेत तशी टांगलेली ठेवायची, सकाळी ती मऊ होतात. हवा कोरडी असेल तर अगदी बारीक तुषार मारून रात्रभर झाकून ठेवता येतं, मात्र थेंब पडले तिथे काळे डाग उमटतात, म्हणून मला तो उपाय फारसा आवडत नाही. अंदाज हाताला येतो: पान मुठीत दाबलं तर वाजू नये, सोडल्यावर हळूहळू उलगडावं, आणि देठाकडची शीर तेव्हाही मोडावी. तळहाताला ओल जाणवली तर ते पान बांधायचं नाही. ही जागरूकता स्वतःसाठीही बरी, कारण निकोटिन ओल्या पानातून कातडीवाटे अंगात जातं आणि मळमळतं, डोकं गरगरतं. हातमोजे घाला, आणि धूळ उडते म्हणून नाकाला फडकं बांधा.

पानं खुडतानाच वेगळी ठेवली असतील तर उत्तम, नाहीतर आता निवडा. झाडाच्या बुडाची पानं पातळ आणि मातकट, मधली मोठी, शेंड्याची जाड आणि कडक. यांची सरमिसळ केली की एकाच जुडीत काही भुगा होतात, काही चिकट राहतात.

जुडी बांधताना डाव्या हातात १५ ते २० पानं देठ वर करून घ्यायची. देठ पाटावर ठोकून एका रेषेत आणायचे, नाहीतर वरून गुंडाळायची पानाची पट्टी सरकते. मग एक लांब, न फाटलेलं, बाकीच्यांपेक्षा किंचित मऊ पान घेऊन त्याची लांबीच्या दिशेने घडी घालायची, दोन बोटं रुंद पट्टी होईल अशी. पट्टीचा शेंडा देठांच्या अगदी वरच्या टोकाशी अंगठ्याने दाबून धरायचा आणि उजव्या हाताने आवळत खाली उतरायचं. प्रत्येक वेढा आधीच्या शेंड्यावरून गेला की तो आपोआप अडकतो. दोन इंच उतरलं की जुडीची पानं मधोमध फाकवायची, पट्टीचं देठ त्या फटीतून पलीकडे ओवायचं आणि ओढायचं. गाठ लागत नाही, दोराही लागत नाही. जुडी उलटी धरून झटकल्यावर एकही पान सुटलं नाही म्हणजे जमलं. सुरुवातीला वेढे सैल पडतात, कारण आपण आवळायचं शेवटासाठी राखून ठेवतो. पहिला वेढाच करकचून घ्या.

गासडी करायचीच असेल तर एक बाजू उघडणारी लाकडी पेटी करा आणि पानं भरण्याआधी तळाशी सुती किंवा तागाच्या तीन दोऱ्या आडव्या टाका. प्लास्टिकची सुतळी नको, तिचे धागे पानात मिसळतात आणि निवडता निवडत नाहीत. देठ दोन्ही टोकांना बाहेर, शेंडे मध्ये एकमेकांवर, असे थर लावा. फळी ठेवून वर उभं राहिलात तरी घरगुती गासडीला पुरेसा दाब बसतो. दोऱ्या बांधूनच पेटी उघडा.

त्यानंतरचे काही दिवस रोज मध्यभागी हात घालून बघा. ऊब लागली किंवा कुबट वास आला तर दोऱ्या कापून पानं मोकळी करा, उद्यावर टाकू नका. सिगारच्या पानांचे ढीग मुद्दाम तापू देतात हे खरं, पण ते ढीग प्रचंड असतात आणि ठराविक उष्णतेला पोचले की उलटून पुन्हा रचतात. घरच्या छोट्या गठ्ठ्यात तेवढी उष्णता साठतच नाही. म्हणून 'आंबेल' या आशेने पाणी शिंपडलं तर बुरशीच मिळते. कोरडी ठेवलेली पानं महिनोन् महिने सावकाश मुरतात, त्यांचा अमोनियासारखा उग्र वासही कमी होतो.

आणि गासडी उघडाल तेव्हा कोरड्या हवेत पान ओढून काढू नका. आधी गासडी दमट जागी ठेवून सादळू द्या, मग थर आपोआप सुटे होतात.