ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली चौकट

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा उद्यमनगरात माझ्याकडे येऊन तू विचारलेस, की आपल्या लोकांत यंत्र घडवणारे, शोध लावणारे कोणी झालेच नाहीत, तर इंजिनिअरिंगच्या त्या वर्गात आपण बसावे तरी कशाच्या बळावर. मी उत्तर दिले नाही, कारण माझे लक्ष तुझ्या हातातल्या पंपाच्या ड्रॉइंगकडे होते. कोअरचा, म्हणजे ओतीव भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायच्या वाळूच्या गाभ्याचा, आकार तू बदललास, हिशेब तू केलास, आणि खालच्या चौकटीत 'ड्रॉन बाय'पुढे नाव मात्र गटातल्या दुसऱ्याच मुलाचे! "नावाचे एवढे काय, सर?" असे तू म्हणालीस. तो राग अजून उतरलेला नाही.

नावाचेच सगळे आहे. अमेरिकेत नेड नावाच्या गुलामाने कापसाच्या शेतीसाठी एक अवजार बनवले. मालकाने त्याचे पेटंट मागितले, तेव्हा १८५८ साली तिथल्या ॲटर्नी जनरलने ठरवले की शपथ शोधकर्त्यानेच घ्यायची असते, गुलामाला ती घेता येत नाही आणि मालक काही शोधकर्ता नव्हे. सबब पेटंट कोणालाच नाही. त्याच देशात गुलामीतून पळून आलेल्या आईबापांचा मुलगा लुईस लॅटिमर पेटंट वकिलांच्या कचेरीत ड्रॉइंग पाहून पाहून शिकला, बेलच्या टेलिफोनच्या पेटंटाची चित्रे त्याने काढली, आणि दिव्यातली कार्बनची तार बनवण्याच्या पद्धतीचे १८८२ सालचे पेटंट त्याच्या स्वतःच्या नावावर आहे. हक्क कंपनीकडे गेले. पण कागदावर नाव त्याचे राहिले.

आपल्याकडचे पाहा. अठराव्या वर्षी विधवा झालेल्या, पदरी लहान मुलगी असलेल्या ए. ललिता यांनी मद्रासच्या गिंडी कॉलेजातून १९४३ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली, तेव्हा प्रमाणपत्रावर पुरुषवाचक सर्वनाम छापलेलेच होते. ते खोडून हाताने स्त्रीवाचक लिहावे लागले. खोडले आणि लिहिले, हे मी तुला मुद्दाम सांगतो आहे. शाहू महाराजांनीही रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास मागासवर्गीयांना देण्याचे ठरवले, ते तोंडी सांगून सोडले नाही. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने करवीरच्या गॅझेटात छापून टाकले. आणि बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये सिनेमाचा देशी कॅमेरा पुरा केला, हे कोल्हापुरात पोरासोरांना ठाऊक आहे. पण ज्या आनंदरावांनी ती धडपड त्यांच्याबरोबर आरंभली आणि जे १९१६ मध्येच वारले, त्यांचे नाव कितीजण घेतात?

आता माझे ऐक. मी फोरमन असताना आमच्या सिलिंडर हेडच्या कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे आत अडकलेल्या वायूची भोके, पडत. कोअर शॉपमधल्या एका बाईने कोअर भरताना आत मेण लावलेला दोरा घातला. कोअर भाजताना मेण वितळून वाट मोकळी राही आणि ओतताना वायू तिथून निघून जाई. रिजेक्शन झपाट्याने उतरले. ही युक्ती जगात इतरत्र होतीच, पण आमच्या शॉपमध्ये ती तिने स्वतःच्या डोक्याने आणली. सुधारणेच्या फॉर्मवर मी माझे नाव लिहिले. तिला सही येत नव्हती, बाईमाणसाचे नाव पाहून कागद पुढे सरकला नसता, आणि मीही लोहाराचाच पोरगा, मला तरी कोणी वर येऊ दिले होते? ही कारणे खरी आहेत. तरीही फॉर्मवर अंगठा उमटवायला दोन मिनिटे पुरली असती. बक्षिसाच्या पैशातून मी तिला लुगडे घेतले, तिने ते ठेवून घेतले, आणि इतक्या वर्षांत तिचे आडनाव मी विसरलो. हजेरीपुस्तके केव्हाच रद्दीत गेली.

म्हणून पुन्हा सांगतो, नाव घाल, तारीख घाल. वहीत, ड्रॉइंगवर, फॉर्मवर, मागच्या पानावर, कुठेही, पण घाल. तुझी भीड मला समजते, कारण गटात वाईटपणा घेणे सोपे नसते, आणि त्या मुलाने काही मुद्दाम चोरी केलेली नाही. त्या चौकटीत आपलेच नाव यायचे, असे त्याला लहानपणापासून वाटत आले आहे, एवढेच. तू त्याच्याशी भांडू नकोस. त्याचे नाव 'चेक्ड बाय'पुढे जाईल, त्याने खरोखर तपासले असेल तर.

आपल्या लोकांची यादी तुला हवी होती, ती मी करून देईन. त्याआधी गुरुवारी संध्याकाळी मूळ ड्रॉइंग घेऊन ये. झेरॉक्स चालणार नाही. येताना खोडरबर विसरू नकोस.

तुझा,
सर