‘मि झ्वेल्यास्सी’: मी उठावं की तू उठवावंस?

प्रश्न असा आहे: इटालियन शिकताना ‘व्होलेव्हा के मि झ्वेल्यास्सी आल्ले सेइ’ असं वाक्य भेटलं. ‘झ्वेल्यास्सी’चा कर्ता कोण, मी की तू?

दोन्ही चालतात. संदर्भ नसेल तर ‘मी सहाला उठावं अशी त्याची इच्छा होती’ आणि ‘तू मला सहाला उठवावंस अशी त्याची इच्छा होती’ असे दोन्ही अर्थ निघतात. पहिल्यात ‘मि’ म्हणजे ‘स्वतःला’, दुसऱ्यात साधं ‘मला’. (आपल्या ‘मी’शी त्याचा घोळ घालू नये.)

गोंधळाचं मूळ क्रियारूपात आहे. ‘कोंजुंतीव्हो इम्पेर्फेत्तो’त (‘उठावं’, ‘उठवावंस’ अशा इच्छेच्या उपवाक्यांत येणारं भूतकाळी रूप) प्रथम आणि द्वितीय पुरुषाचं एकवचन एकच असतं. ‘प्रेम करणे’ या क्रियापदाची लॅटिनमधली ‘अमाविस्सेम’ (मी) आणि ‘अमाविस्सेस’ (तू) ही रूपं वेगळी होती, इटालियनमध्ये दोहोंचं ‘अमास्सी’ झालं. म्हणून साध्या क्रियापदाआधी ‘इओ’ (मी) किंवा ‘तू’ घालावं लागतं. आत्मवाचक क्रियापदांत (जिथे क्रिया कर्त्यावरच होते, जसं ‘आल्त्सार्सी’, उठणे) बहुतेकदा ती गरज पडत नाही, आधीचं छोटं सर्वनामच पुरुष सांगून टाकतं: मि आल्त्सास्सी, ति आल्त्सास्सी, सि आल्त्सास्से, अनेकवचनात चि आल्त्सास्सिमो, वि आल्त्सास्ते, सि आल्त्सास्सेरो. ‘पेंतिर्सी’ (पश्चात्ताप होणे) किंवा ‘व्हेर्गोन्यार्सी’ (लाज वाटणे) यांत तर शंकेला जागाच नाही, कारण आजच्या भाषेत ती ‘सि’शिवाय वापरतच नाहीत. ‘झ्वेल्यारे’ (उठवणे) मात्र दुसऱ्याला उठवण्यासाठीही वापरतात, म्हणून अडचण.

आता गंमत बघा. ‘व्होलेव्हा’च्या जागी ‘व्होलेव्हो’ (माझी इच्छा होती) घातलं की एकच अर्थ उरतो: तू मला उठवावंस. कारण इच्छा करणारा आणि उठणारा एकच असेल तर इटालियन माणूस ‘के’ (की) लावून उपवाक्य करतच नाही. सरळ ‘व्होलेव्हो झ्वेल्यार्मी’ म्हणतो, आपल्या ‘मला उठायचं होतं’सारखं. ही खूण पाठ करण्यापेक्षा कानात बसवलेली बरी.

‘व्होलेव्हा’च्या वाक्यात संदिग्धता नको असेल तर ‘के इओ मि झ्वेल्यास्सी’ किंवा ‘के तू मि झ्वेल्यास्सी’ म्हणावं.

‘कोंजुंतीव्हो इम्पेर्फेत्तो’चा एक वेगळा वापर दक्षिण इटलीत ऐकू येतो. पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणताना प्रमाण भाषेत ‘सि आक्कोमोदी’ हवं, तिथे ‘सि आक्कोमोदास्से’ म्हणतात. मला त्यात जास्त अदब वाटते, पण परीक्षेत लिहिलंत तर गुण जातील.