हूव्हर मारणं

प्रश्न असा आहे: इंग्लंडमध्ये लीड्सला राहणारी भाची फोनवर म्हणते, "मावशी, दहा मिनिटांनी करते, हॉलला हूव्हर मारून घेते." म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरनं झाडून घेते. हा शब्द अमेरिकेचे अध्यक्ष हूव्हर यांच्यावरून आला का?

नाही. अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर वेगळे. गंमत म्हणजे त्यांच्याही नावाचं एक क्रियापद होऊन गेलंय. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या अन्न खात्याचे प्रमुख होते, तेव्हा जपून खाण्याला, अन्न वाचवण्याला लोक 'हूव्हराइझ' म्हणत. आणि आजच्या इंग्रजीत ताटातलं सगळं 'हूव्हर अप' केलं म्हणजे चाटूनपुसून फस्त केलं! एकसारखं आडनाव, अर्थ अगदी उलट.

भाचीचा हूव्हर कंपनीचा. पण यंत्र बनवणारा माणूस हूव्हर नव्हताच. अमेरिकेत ओहायोतल्या कॅन्टन गावात जेम्स मरे स्पँगलर एका मोठ्या दुकानात झाडलोट करायचा. त्याला दमा होता आणि गालिच्यांची धूळ सोसवत नव्हती. त्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा, खोकं आणि धूळ अडवायला उशीचा अभ्रा असं जोडून यंत्र केलं. १९०८ साली पेटंट मिळालं, पण भांडवलाची बोंब. ते यंत्र सुझन हूव्हर या ओळखीच्या बाईंना पसंत पडलं. त्यांचे यजमान विल्यम हूव्हर खोगीर-लगाम असं चामडी सामान बनवायचे. मोटारी आल्यावर त्या धंद्याचं काय होणार हे त्यांना दिसत असावं. त्यांनी पेटंट विकत घेतलं. नाव राहिलं पैसा घालणाऱ्याचं, दुसरं काय!

शब्द रुजला तो मात्र ब्रिटनमध्ये. कंपनीनं पश्चिम लंडनमध्ये पेरिवेलला कारखाना काढला, १९३३ साली. ती पांढरीशुभ्र इमारत अजून उभी आहे, आत आता फ्लॅट आहेत. क्रियापद त्याच्याही आधीचं, १९२०च्या दशकातलं. आज घरात डायसन या दुसऱ्या कंपनीचं यंत्र असलं तरी ब्रिटिश माणूस 'हूव्हरिंग'च करतो.

'मारणं' ही भर आपली. इंग्रजी भाषा नामाचं थेट क्रियापद करते, मराठीला जोडीला करणं, काढणं, मारणं लागतं. झेरॉक्स काढतो, झाडू मारतो, तसा हूव्हर मारायचा. मराठी म्हणून त्यात काही वावगं नाही.

फक्त हीच भाची उद्या न्यू जर्सीला राहायला गेली, तर शब्द बदलावा लागेल. ज्या देशात हे यंत्र जन्मलं, तिथे लोक 'व्हॅक्यूम' करतात.